मुक्या सांध्यांचं दुखणं

आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या काकूंकडे मोती नावाचा लॅब्राडोर आहे. वय अकरा. मी सकाळी दूध घेऊन आलो की हा माझ्यापुढे पळत दुसऱ्या मजल्यावर, माझ्या दारात जाऊन बसायचा. गेल्या पावसाळ्यात तो पहिल्या पायरीपाशीच उभा राहून वर बघू लागला. "म्हातारा झालाय हो भाई," काकू म्हणाल्या.

आपण सगळेच असं म्हणतो आणि सोडून देतो. पण म्हातारपण हा आजार नव्हे, संधिवात हा आजार आहे. कुत्रा सांधा दुखतो म्हणून सहसा विव्हळत नाही. तो सकाळी उठायला वेळ लावतो, एकच सांधा चाटत बसतो, हात लावला की गुरगुरतो. मांजर तर कपाटावर उडी मारणं गुपचूप बंद करतं आणि आपल्याला वाटतं, शहाणं झालं.

काकूंनी स्वतःच्या गुडघ्यावरची गोळी अर्धी करून ठेवली होती. ती देण्याआधी विचारलं, हे नशीब. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी, आयबुप्रोफेनसारख्या, कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मागचा उजवा गुडघा झिजला होता. म्हणाले, "आजी, याच्याच रक्तातून औषध काढून गुडघ्यात टोचता येईल." आम्ही कवी मंडळी रक्त हा शब्द फार सढळ हातानं वापरतो, रक्ताचा असाही उपयोग असतो हे मला नवीन होतं.

या उपचाराला पीआरपी म्हणतात. डेंग्यूमुळे प्लेटलेट्स हा शब्द आता घराघरांत पोचला आहे. जखम झाली की रक्त गोठवायला या कणिका धावतात, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण त्यांच्या पोटात बारीक पिशव्या असतात आणि त्या फुटल्या की वाढीला चालना देणारी प्रथिनं बाहेर पडतात. ती जणू आजूबाजूच्या पेशींना हाका मारतात : इथं पडझड झाली आहे, कामाला लागा. झिजलेल्या सांध्यातल्या कूर्चेला मात्र रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे ही हाक तिथं नीट पोचत नाही. म्हणून डॉक्टर कुत्र्याचं थोडं रक्त काढतात, यंत्रात गरगर फिरवतात, जड तांबड्या पेशी तळाशी बसल्या की वरचा प्लेटलेट्सनी भरलेला पिवळसर द्रव घेतात आणि भूल किंवा गुंगी देऊन सांध्यात सोडतात. पुढचे काही दिवस लंगडणं थोडं वाढूही शकतं.

यानं नवा गुडघा उगवत नाही. सूज आणि वेदना कमी होते, तीही काही काळ. अमेरिकेत २०१३ साली २० कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच इंजेक्शननंतर बारा आठवड्यांनी उपचार झालेल्या कुत्र्यांचं लंगडणं आणि दुखणं कमी झालं होतं, पायावर भारही जास्त पडत होता. आशा वाटावी असा निकाल, पण २० कुत्री म्हणजे फार नव्हेत. रक्त किती फिरवायचं, प्लेटलेट्स किती घ्यायच्या, याच्याही रीती वेगवेगळ्या आहेत. लिगामेंट तुटलं असेल तर बऱ्याचदा शस्त्रक्रियाच लागते. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर हे इंजेक्शन द्यायचंच नसतं.

मोतीचं घोडं अडलं भलतीकडेच. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स ७० हजार! कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर हव्यात. मूळ सापडलं पंजाच्या बोटांमध्ये : गोचीड. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्याकडच्या कुत्र्यांत सर्रास आढळतो आणि तो प्लेटलेट्सच खाऊन टाकतो. ज्या रक्तातून औषध काढायचं, त्यातच माल नाही. आधी त्यावर महिनाभर गोळ्या. आणि वजन? ४१ किलो. "तूप लावलेली पोळी बंद," डॉक्टर म्हणाले. काकूंचा चेहरा त्यांचंच जेवण बंद केल्यासारखा झाला.

अडीच महिन्यांनी प्लेटलेट्स जागेवर आल्या, वजन ३७ झालं, आणि गंमत म्हणजे इंजेक्शनच्या आधीच मोतीचं लंगडणं निम्म्यावर आलं होतं. मग इंजेक्शनही झालं. आता श्रेय कुणाला द्यायचं? काकू रक्ताला देतात. मी पोळीला देतो. डॉक्टर हसतात आणि वजनकाटा पुढे सरकवतात.

हल्ली मोती पहिल्या मजल्यापर्यंत येतो, तिथं बसकण मारतो आणि मी उतरेपर्यंत वाट बघतो. काकू दर रविवारी त्याचं वजन दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहितात. गेल्या रविवारचा आकडा ३६ आहे.