आवाज यंत्रापाशी मोजावा की उंबऱ्यापाशी?

मोटारसायकल शर्यतीच्या मैदानाचा विषय निघाला की चर्चा बहुधा वेग आणि अपघात यांभोवती फिरते. परंतु असे मैदान आणि त्याचे शेजारी यांच्यात खटके उडतात ते वारंवार आवाजावरून. वेगाचा धोका प्रामुख्याने स्पर्धकाला असतो आणि तो त्याने स्वखुशीने पत्करलेला असतो, तर आवाजाचा त्रास ज्यांनी काहीच पत्करलेले नसते अशांच्या वाट्याला येतो. म्हणून येथे एकाच आकड्याने भागत नाही. यंत्राने किती आवाज करावा ही एक मर्यादा आणि तो शेजारच्या घरापर्यंत किती पोहोचावा ही दुसरी, आणि पहिली पाळली म्हणजे दुसरी आपोआप पाळली जातेच असे नाही. हा फरक समजून घेण्यास पालघर आणि बोईसर-तारापूर हा पट्टा विशेष उपयोगी आहे, कारण येथे कारखाने, कामगारांच्या चाळी, जुनी गावठाणे, आदिवासी पाडे आणि बागायती वाड्या एकमेकांना अगदी लागून आहेत.

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात आणि या एककाची चढण साध्या बेरजेसारखी नसते. पातळी ३ डेसिबलने वाढली की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० डेसिबलने वाढली की दसपट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. मानवी कानाला खर्जातले स्वर कमी ऐकू येत असल्यामुळे मापकयंत्र त्यांना कमी वजन देते. अशा मापनाला ‘ए-भारित’ मापन म्हणतात आणि नियमांतील बहुतेक आकडे याच पद्धतीचे असतात. मात्र एक सिलिंडर असलेल्या मोठ्या इंजिनाची खर्जातली धडधड दूरवर जाते, भिंतीतूनही आत शिरते, आणि ए-भारित आकड्यात तिचा जाच पुरता उमटत नाही.

भारतात रस्त्यावर येणाऱ्या दुचाकीसाठी निर्मितीच्या टप्प्यावरच आवाजाची मर्यादा ठरलेली आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ अन्वये ती ८० सीसीपर्यंतच्या इंजिनासाठी ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीसाठी ७७ डेसिबल आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी ८० डेसिबल आहे. चाचणीत गाडी ठरावीक वेगाने एका पट्ट्यात शिरते, तेथे ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला जातो आणि पट्ट्याच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटर अंतरावरचा ध्वनिग्राहक सर्वोच्च पातळी टिपतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच ‘एआरएआय’, ही वाहनांच्या अशा चाचण्या करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी एक आहे.

ही मर्यादा पाळली जाते ती मुख्यतः सायलेन्सरमुळे. इंजिनातून धक्क्याधक्क्याने बाहेर पडणारा वायू सायलेन्सरमधील कप्प्यांतून आणि भोकांच्या नळ्यांतून वळसे घेत जातो, ध्वनिलहरी एकमेकींवर आदळून क्षीण होतात आणि काही रचनांत उरलेला आवाज काचतंतूंचे अस्तर शोषून घेते. आतली जाळी काढून टाकली किंवा सरळ नळीचा ‘फटाका’ सायलेन्सर बसवला की ही सारी व्यवस्था नाहीशी होते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनंतर हवा व ध्वनिप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणाऱ्याला पहिल्या अपराधाबद्दल तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, तर सार्वजनिक रस्त्यावर राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणे हा कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

शर्यतीच्या गाडीचे गणित निराळे असते. ती रस्त्यावर येत नाही, तिची नोंदणी नसते आणि म्हणून रस्त्यावरील वाहनांची चाचणीही तिला लागू होत नाही. तिच्यावर बंधन घालतात ते स्पर्धेचे नियम. मोटारसायकल क्रीडेची आंतरराष्ट्रीय संघटना ‘एफआयएम’ हिच्या रूढ पद्धतीत गाडी न्यूट्रलमध्ये उभी केली जाते, सायलेन्सरच्या तोंडापासून ५० सेंटिमीटर अंतरावर, ४५ अंशांच्या कोनात मापक धरला जातो, पिस्टनच्या वेगावरून ठरवलेल्या फेऱ्यांपर्यंत इंजिन रेस केले जाते आणि आकडा नोंदला जातो. मातीतल्या मोटोक्रॉस शर्यतींसाठी पुढे दोन मीटर अंतरावरून, इंजिन क्षणात पूर्ण रेस करून मोजण्याची पद्धत आली, कारण निम्म्याशा फेऱ्यांवर शांत भासणारी गाडी पूर्ण जोरावर कशी गरजते हे जुन्या मापनातून कळत नव्हते. तपासनीसाला सायलेन्सरच्या अस्तराकडेही लक्ष ठेवावे लागते. काचतंतू उष्णतेने जळत जातात आणि हंगामाच्या आरंभी उत्तीर्ण झालेली गाडी काही शर्यतींनंतर त्याच कसोटीला उतरत नाही.

तरीही प्रत्येक गाडी उत्तीर्ण झाली म्हणजे शेजारी निश्चिंत झाला असे होत नाही, हे साध्या हिशेबावरून दिसते. पूर्ण जोरावर धावणाऱ्या शर्यतीच्या एका गाडीचा आवाज ७.५ मीटरवर ९५ डेसिबल आहे असे धरले आणि अशा दहा गाड्या एकत्र सुटल्या, तर तेवढ्याच अंतरावर पातळी १०५ डेसिबल होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो; त्या हिशेबाने २४० मीटरवर ७५, ४८० मीटरवर ६९ आणि ९६० मीटरवर ६३ डेसिबल उरतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. म्हणजे बांध, झाडी किंवा भिंत आड नसेल तर जवळजवळ एक किलोमीटरवरच्या घरातही गाड्या सुटण्याच्या क्षणाचा आवाज या आकड्याच्या वर असतो.

याच नियमांनी औद्योगिक क्षेत्राला दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबलची, व्यापारी क्षेत्राला ६५ व ५५ डेसिबलची, तर शाळा, रुग्णालये व न्यायालये यांभोवतीच्या शांतता क्षेत्राला ५० व ४० डेसिबलची मर्यादा घातली आहे. शर्यतीच्या मैदानासाठी त्यांत वेगळा वर्ग नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीत असे मैदान उभे करायचे ठरले तर ७५ चा आकडा पुढे केला जाणे स्वाभाविक आहे. पण सालवड, पास्थळ, कुंभवली, सरावली ही गावे वसाहतीच्या अंगालाच आहेत. जमिनीच्या नकाशावर औद्योगिक क्षेत्र जेथे संपते तेथे ध्वनी थांबत नाही, म्हणून मोजमाप मैदानाच्या नव्हे तर ऐकणाऱ्याच्या क्षेत्राच्या मर्यादेने व्हायला हवे.

आणखी दोन गोष्टी आकड्यांमागे दडून राहतात. नियमांतील मर्यादा ठरावीक कालावधीच्या सरासरी ऊर्जेची आहे आणि सकाळी ६ ते रात्री १० हा सोळा तासांचा काळ ‘दिवस’ मानला आहे. एक तास ६७ डेसिबलचा गोंगाट झाला आणि उरलेले पंधरा तास शांततेत गेले तर दिवसाची सरासरी ५५ च भरते. दुसरे असे की कारखान्यांच्या गावात सर्वांचा दिवस एकाच वेळी उगवत नाही. रात्रपाळी करून सकाळी घरी परतलेल्या कामगाराची झोप दुपारी असते, आणि ज्या वेळेला नियम सर्वाधिक मुभा देतो तीच त्याची रात्र असते. ठरावीक वेळापत्रकाने चालणाऱ्या मैदानाला ही बाब डोळ्यांआड करता येणार नाही.

किनारपट्टीचा वाराही हिशेबात घ्यावा लागतो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि वाऱ्याच्या दिशेने जाणारा ध्वनी जमिनीकडे वाकतो. त्यामुळे मैदानाच्या पूर्वेकडील पाड्यांना तोच आवाज पश्चिमेपेक्षा स्पष्ट ऐकू येईल. हिवाळ्यात सांजवेळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार राहिली तरी ध्वनी खाली वाकून दूर पोहोचतो. एका दुपारी, एकाच बाजूला केलेले मोजमाप म्हणूनच पुरेसे ठरत नाही.

अन्यत्रच्या अनुभवातून याची उत्तरे दिसतात. कॅलिफोर्नियातील लगुना सेका मैदानावर एरवीच्या दिवशी धावपट्टीपासून ५० फुटांवर सुमारे ९० डेसिबलची मर्यादा असते आणि निर्बंधमुक्त शर्यतीसाठी वर्षातले मोजकेच दिवस राखलेले असतात. इंग्लंडमधील सफोक परगण्यात स्पीडवे व मोटोक्रॉसच्या मैदानाजवळ घर घेतलेल्या कुटुंबाचा दावा तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २६ फेब्रुवारी २०१४ रोजी न्यायालयाने असे तत्त्व मांडले की तक्रारदार नंतर राहायला आला एवढ्यावरून उपद्रवाचे समर्थन होत नाही. महाराष्ट्रातही जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची फेरी झाली. दाट वस्तीच्या शहरात शर्यत येऊ शकते हे त्यातून स्पष्ट झाले आहे.

मैदानाला सरसकट विरोध करणे हा यावरचा उपाय नव्हे. वेगाची हौस असलेल्या तरुणांना मैदान नसेल तर ती हौस चिल्हार फाट्याकडच्या किंवा मनोरकडच्या रस्त्यावर फिटते, आणि तेथे ना वैद्यकीय पथक असते ना ध्वनिमापक. परंतु परवानगीपूर्वी चारही दिशांच्या वस्त्यांत, दिवसा व रात्री, मूळ पातळी मोजली जावी. प्रत्येक गाडीची तपासणी व्हावी आणि जवळच्या घरांपाशी कायमचे मापक बसवून त्यांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. शर्यतीचे दिवस व तास आधी जाहीर व्हावेत. आणि ज्या जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात आहे तेथे ग्रामसभेचा शब्द औपचारिक मानला जाऊ नये. मर्यादा ओलांडली की त्या दिवसाची शर्यत थांबेल अशी अट परवान्यातच असली, तर सायलेन्सरच्या अस्तराची काळजी घेणे हे स्पर्धकाइतकेच आयोजकाच्याही हिताचे होईल, आणि शेजाऱ्याला तक्रारीचा अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागणार नाहीत.