उन्हाळी प्रवास आणि मोटारहोमचा जनरेटर

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे सुटीत जाणाऱ्या अनेक आईवडिलांना मोटारहोमचा प्रवास आता अपरिचित राहिलेला नाही. शयनगृह, स्वयंपाकघर व स्नानगृह बरोबर घेऊन फिरणारे हे चालते घर. मात्र कॅलिफोर्निया, नेवाडा व ॲरिझोनाच्या वाळवंटात, जेथे बाहेरची वीजजोडणी मिळत नाही तेथे, या घराची सारी भिस्त त्याच्या पोटातील लहानशा जनरेटरवर असते. डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली होती. अशा प्रदेशात भर दुपारी जनरेटर बंद पडला, की वातानुकूलन थांबते व पाहता पाहता गाडीची भट्टी होते. वृद्धांना आणि बालकांना उष्माघाताचा धोका संभवतो तो अशा वेळी.

इंधनातील ऊर्जेचा थोडाच हिस्सा विजेत उतरतो. उरलेल्याची उष्णता होते. ती वाहून नेण्याचे काम बहुतेक पेट्रोल जनरेटरमध्ये वाराच करतो. म्हणून हवेची जाळी पाने, चिखल व धूळ यांपासून मोकळी असावी. गाडी भिंतीलगत उभी केल्यास बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते. वाळलेल्या गवतावर तर गाडी मुळीच उभी करू नये. तप्त धुराड्याने आग लागू शकते.

दुसरे पथ्य भाराचे. दोन वातानुकूलन यंत्रे व एक मायक्रोवेव्ह यांना प्रत्येकी सुमारे १,५०० वॅट धरले, तरी बेरीज ४,५०० होते. ४,००० वॅटच्या जनरेटरला ती पेलणारी नाही. त्यात उंचीवर हवा विरळ होते. ग्रँड कॅनियनच्या सुमारे २,१०० मीटर उंचीच्या दक्षिण कड्यावर जनरेटरची क्षमता अंदाजे एकपंचमांशाने घटते. तेव्हा उपकरणे एकामागून एक सुरू करावीत आणि जनरेटर बंद करण्यापूर्वी त्यास काही मिनिटे भाराविना चालू द्यावे.

इंजिन तेलाची पातळी रोज तपासावी. तेलाची प्रत व ते बदलण्याचा काळ उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार पाळावा. टाकीत सुमारे पाव हिस्सा इंधन उरताच अनेक मोटारहोममधील जनरेटर आपोआप थांबतात. परतीचा प्रवास खोळंबू नये, यासाठी केलेली ती योजना असते. तिला बिघाड समजू नये. अतिउष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ झाल्यानेही यंत्र थांबते. तेव्हा ते निवू देणे हाच उपाय.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही. त्याची सूचना देणारा गजर चालू असल्याची खात्री निघण्यापूर्वीच करावी.

आपल्याकडील दुकानामागे चालणाऱ्या जनरेटरलाही हेच नियम लागू पडतात. मोकळी हवा, बेताचा भार आणि वेळेवर निगा ही त्रिसूत्री पाळणाऱ्यास भर उन्हाळ्यातही निश्चिंत राहता येते.