बावीस हजार हरकती आणि एका कुत्र्याचा पंजा

एखादा रेल्वेमार्ग बंद पाडायचा असेल तर काय करावं? आधी गाड्या कमी कराव्यात, मधली स्टेशनं बंद करावीत आणि मग हिशेबाची वही उघडून म्हणावं, पाहा, या मार्गावर प्रवासीच नाहीत! उत्तर इंग्लंडमधल्या सेटल ते कार्लाइल या मार्गाच्या बाबतीत ब्रिटिश रेलनं हाच डाव टाकला, असा तिथल्या लोकांचा आरोप होता. १९७० मध्ये सेटल आणि ॲपलबी वगळता मधली सगळी लहान स्टेशनं बंद झाली. १९८२ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या दुसरीकडून वळवल्या गेल्या आणि दिवसाला जेमतेम दोन गाड्या उरल्या. १९८३ मध्ये मार्गच बंद करण्याचा इरादा जाहीर झाला.

आणि मार्ग तरी कसा! ७२ मैलांचा, उजाड डोंगरांच्या अंगाखांद्यावरून जाणारा. चौदा बोगदे, वीसहून अधिक उंच पूल. आपल्या बोरघाटाइतका चढ इथं नाही. पण वारा, पाऊस आणि बर्फ असं की विचारू नका. १८७६ मध्ये इथून प्रवासी गाड्या सुरू झाल्या, त्याआधीची सहा-सात वर्षं हजारो मजूर डोंगरात झोपड्या टाकून राबत होते. अपघातांनी आणि देवीच्या साथीनं त्यांतले कितीतरी दगावले. चॅपल-ल-डेल या खेड्याच्या दफनभूमीला जागा वाढवून घ्यावी लागली. रिबलहेडचा २४ कमानींचा, १०४ फूट उंच पूल त्यांच्याच हातचा. शंभर वर्षांनी नेमका हाच पूल रेल्वेच्या डोळ्यांत खुपू लागला. दुरुस्तीला साठ लाख पौंड लागतील, एवढा खर्च परवडणार नाही, असं सांगण्यात आलं.

कुणकुण आधीच लागली होती. १९८१ मध्ये काही मंडळींनी या मार्गाचं मित्रमंडळ स्थापन केलं. इथं कायद्याची एक गंमत आहे. ब्रिटनमध्ये प्रवासी मार्ग बंद करण्यापूर्वी हरकती मागवाव्या लागत. पण ऐकून घेणारी समिती विचार करणार फक्त एका गोष्टीचा : मार्ग बंद झाल्यास प्रवाशांचे हाल होतील का? मार्ग सुंदर आहे, ऐतिहासिक आहे, या बोलण्याला तिथं किंमत नव्हती. तेव्हा गाडीतून प्रवास करणारी माणसं हवीत, आणि तीही भरपूर!

यात मदत झाली ती अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. मार्ग बंद करण्याचं काम तडीस न्यायला रेल्वेनं रॉन कॉटन या अधिकाऱ्याची नेमणूक केली होती. या गृहस्थांनी काय करावं? त्यांनी स्वस्त तिकिटं काढली, गाड्या वाढवल्या आणि १९८६ मध्ये बंद पडलेली आठ स्टेशनं पुन्हा उघडली! डोंगरात भटकायला येणाऱ्यांसाठी १९७५ पासून सुट्टीच्या दिवसांत खास गाड्या सोडल्या जात होत्याच. त्या स्टेशनांना आता रोजची गाडी मिळाली. १९८३ मध्ये वर्षाला ९३ हजार प्रवासी होते, ते १९८९ पर्यंत साडेचार लाखांवर गेले.

हरकती आल्या बावीस हजारांहून अधिक. त्यांतली एक रसप नावाच्या कुत्र्याची. मित्रमंडळाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ग्रॅहम नटॉल यांचा हा कुत्रा. त्याच्या अर्जावर सहीच्या जागी पंजाचा ठसा होता, आणि तो मान्यही झाला. कारण रसप रीतसर तिकीट काढून प्रवास करणारा प्रवासी होता!

तरीही १९८८ मध्ये सरकारचा कल मार्ग बंद करण्याकडेच होता. कुणी खासगी खरेदीदार मिळतो का, याची चाचपणी झाली. अखेर ११ एप्रिल १९८९ रोजी मंत्र्यांनी मार्ग चालू ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. रिबलहेडच्या पुलाची दुरुस्ती प्रत्यक्षात आटोपली ती सुमारे निम्म्या पैशांत.

नटॉल यांना हा आनंद फार दिवस लाभला नाही. जानेवारी १९९० मध्ये ते रसपला घेऊन वेल्समधल्या डोंगरात फिरायला गेले आणि परतलेच नाहीत. एप्रिलमध्ये त्यांचा मृतदेह एका ओढ्याकाठी सापडला. शेजारी रसप होता. चौदा वर्षांचा म्हातारा कुत्रा, अकरा आठवडे, भर हिवाळ्यात! त्याला उचलूनच खाली आणावं लागलं. मालकाच्या अंत्यविधीपर्यंत तो जगला, त्यानंतर फार दिवस नाही. गार्सडेल स्टेशनच्या फलाटावर त्याचा ब्राँझचा पुतळा २००९ मध्ये बसवण्यात आला.

मार्ग वाचला म्हणून मंडळींनी घरची वाट धरली असती, तर बहुधा दहा वर्षांत पुन्हा तोच हिशेब पुढे आला असता. वऱ्हाडातल्या शकुंतला रेल्वेवर जीव लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मित्रमंडळाचे स्वयंसेवक आजही स्टेशनांवरच्या बागा राखतात, प्रवाशांना घेऊन डोंगरात पायी सहली काढतात. सेटलची जुनी सिग्नल केबिन त्यांनीच दुरुस्त करून लोकांना पाहण्यासाठी खुली केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये कार्लाइलच्या अलीकडे ईडन नदीकाठचा भराव खचला आणि मार्गाचा तो तुकडा तेरा महिने बंद राहिला. या वेळी दुरुस्तीचा खर्च दोन कोटी पौंडांच्या वर गेला. ३१ मार्च २०१७ रोजी गाड्या पुन्हा थेट कार्लाइलपर्यंत जाऊ लागल्या.