जॅझची सरकारी शाळा

न्यू ऑर्लीन्सच्या शाळा मंडळाने मार्च १९२२ मध्ये एक ठराव मंजूर केला. सरकारी शाळांत जॅझ वाजवायचा नाही आणि त्यावर नाचायचेही नाही, असा तो ठराव होता. ज्या शहराच्या वस्त्यांत, मिरवणुकांत आणि नाचघरांत हे संगीत घडले, त्याच शहराच्या कारभाऱ्यांना ते मुले बिघडवणारे वाटले. पुढे ठराव विस्मरणात गेला, पण रद्द कुणी केला नाही. मंडळाने तो रीतसर मागे घेतला मार्च २०२२ मध्ये, शंभर वर्षे भरल्यावर.

गंमत अशी की, कागदावर ही बंदी कायम असतानाच त्याच मंडळाच्या छत्राखाली १९७३ मध्ये एक शाळा स्थापन झाली आणि तिथे जॅझ हा वेळापत्रकातला विषय झाला. न्यू ऑर्लीन्स सेंटर फॉर क्रिएटिव्ह आर्ट्स हे तिचे पूर्ण नाव. गावात सगळे ‘नोका’ म्हणतात. कलावंत, शिक्षक, उद्योजक आणि कार्यकर्ते यांनी एकत्र येऊन ती मागून घेतली होती. सुरुवातीचे वर्ग शहराच्या अपटाउन भागातल्या एका जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत भरत. व्यवस्था साधी होती. मुलांनी अर्धा दिवस आपापल्या हायस्कुलात गणित, विज्ञान, इतिहास शिकायचा आणि उरलेला अर्धा दिवस इथे येऊन एका कलेला द्यायचा. प्रवेश ऑडिशन घेऊन; लुइझियाना राज्यातल्या मुलांना फी नाही. मुलाला आपली नेहमीची शाळा, तिथला मार्चिंग बँड आणि मोहल्ला सोडावा लागत नसे, हा या अर्धवेळ रचनेचा मोठा फायदा.

न्यू ऑर्लीन्सबद्दल सर्रास म्हटले जाते की, तिथल्या पाण्यातच संगीत आहे. ऐकायला छान वाटते, पण त्यात शिकवणाऱ्यांचे कष्ट वाहून जातात. लुई आर्मस्ट्राँगचेच पाहा. ३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री रस्त्यात पिस्तुलाचा बार काढल्याबद्दल त्याला पकडले आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या सुधारगृहात धाडले. तिथे पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक बँड चालवत. त्यांनी त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती ट्रम्पेटसारखे कॉर्नेट दिले, फुंक कशी धरायची ते दाखवले आणि पुढे त्याला बँडचा म्होरक्या केले. विसाव्या शतकातल्या सर्वात प्रभावी ट्रम्पेटवादकाचे पहिले शिस्तशीर शिक्षण असे सुधारगृहाच्या छपराखाली झाले. नंतरच्या पिढ्यांतही हेच दिसते. सेंट ऑगस्टीन हायस्कुलात एडविन हॅम्प्टन यांनी १९५२ पासून ‘मार्चिंग हंड्रेड’ हा बँड घडवला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बँजोवादक डॅनी बार्कर यांनी फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या आसऱ्याने पोरांचा ब्रास बँड उभा केला आणि विझत चाललेली मिरवणुकीची परंपरा पुन्हा तरुणांच्या हाती आली.

या शिक्षकांच्या रांगेत ‘नोका’चे नाव जोडले जाते ते एलिस मार्सालिस यांच्यामुळे. १९३४ चा जन्म, डिलार्ड विद्यापीठातून संगीत शिक्षणाची पदवी, हातात पियानो. त्यांचे मन आधुनिक जॅझमध्ये, म्हणजे चार्ली पार्करच्या पिढीने आणलेल्या वेगवान, गुंतागुंतीच्या बीबॉपमध्ये रमलेले. पण फ्रेंच क्वार्टरमध्ये येणाऱ्या पर्यटकाला हवा असायचा जुना डिक्सीलँड. मनाजोगते वाजवून सहा मुलांचे घर चालणे कठीण होते. १९७४ मध्ये ते ‘नोका’त शिकवू लागले आणि १९८६ पर्यंत तिथे होते. सोबत बर्ट ब्रॉड हे संगीतशास्त्र आणि रचना शिकवत. शिक्षकांपैकी अनेकजण रात्री क्लबांत वाजवणारे होते. रात्री ज्याला रंगमंचावर ऐकायचे, तोच दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गात समोर, अशी सोय जगातल्या फार थोड्या मुलांच्या वाट्याला आली असेल.

अशा वर्गात नेमके शिकवतात काय? ऐनवेळी सुचते ते वाजवणे म्हणजे जॅझ, असा समज आपल्याकडेही आहे. पण सुचण्याआधी बरेच काही बोटांत आणि कानांत मुरलेले असावे लागते. सर्वात आधी येतो ब्लूज. बारा मापांचे आवर्तन, प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. मध्यम लयीत हे आवर्तन जेमतेम चोवीस सेकंदांत संपते. दुगुनीत बारा सेकंदांत. तेवढ्या वेळात खालच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, ठरलेल्या जागी बदलतात. त्या बदलांचे भान ठेवून मुलाने वर आपली सुरावट रचायची आणि मोजणी न चुकवता पुन्हा पहिल्या मात्रेवर यायचे. ख्याल ऐकणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल: आवर्तन बांधलेले, सम ठरलेली, उपज मोकळी. पण फरक महत्त्वाचा आहे. रागात पायाखालचा षड्ज स्थिर असतो. जॅझमध्ये कॉर्डबरोबर पायाखालची जमीनच सरकते, आणि एका मापात गोड लागलेला सूर पुढच्या मापात खटकू शकतो. म्हणून पियानो हे ज्याचे वाद्य नाही त्यालाही कॉर्ड समजण्यापुरता पियानो शिकून घ्यावा लागतो.

दुसरे काम ‘ट्रान्सक्रिप्शन’चे. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग किंवा पार्करचा एखादा सोलो ध्वनिमुद्रणावरून पुन्हापुन्हा ऐकायचा, आधी गळ्याने म्हणायचा, मग वाद्यावर जसाच्या तसा काढायचा. श्वास कुठे घेतला, कुठला सूर किंचित मागे रेंगाळला, हे छापील नोटेशनमध्ये उतरत नाही. ते कानानेच उचलावे लागते. मग त्यातला एखादा तुकडा बाराही स्वरांपासून वाजवून पाहायचा. इतके झाल्यावर चार-पाच जणांचा ‘काँबो’ बसतो आणि खरी परीक्षा सुरू होते. सोलो चालू असताना ड्रमरने कधी भर घालायची, बेसवाल्याने लय कशी धरायची, आणि सॅक्सोफोनवाल्याने आपले झाल्यावर कधी थांबायचे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला थांबायला शिकवणे हे बहुधा या अभ्यासक्रमातले सर्वात अवघड प्रकरण असावे.

इथे गोव्याची आठवण होणे साहजिक आहे. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या पारोकियाल शाळांत ‘मेस्त’ मुलांना सोल्फेज, व्हायोलिन आणि कागदावरचे संगीत वाचायला शिकवत. नोटेशन घडाघडा वाचणारे हे वादक मुंबईत आले. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे आफ्रिकन-अमेरिकन कलावंत वाजवत होते. त्यांना आणि त्यांच्या तबकड्यांना ऐकून चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या गोवेकरांनी जॅझचा डौल कानाने मिळवला. पुढे हीच मंडळी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेली. म्हणजे गोव्यात वाचन आधी आले आणि जॅझ मागून. न्यू ऑर्लीन्सच्या वस्तीतल्या पोराचे उलटे: मिरवणुकीत वाजवता आधी येते, वाचायला नंतर. ‘नोका’ने या दोन्ही वाटा एका वर्गात आणल्या. रस्त्यावरून आलेल्याला कागद दिला, कागद येणाऱ्याला रस्त्याचा कान दिला.

पहिल्या दहा-बारा वर्षांतच तिथून बाहेर पडलेल्यांची नावे थक्क करणारी आहेत. एलिस यांचे मुलगे ब्रॅनफर्ड आणि विंटन, त्यांचा मित्र, ट्रम्पेटवादक टेरन्स ब्लँचर्ड, सॅक्सोफोनवादक डोनाल्ड हॅरिसन, पियानोवादक-गायक हॅरी कॉनिक ज्युनियर. विंटन १९८० मध्ये ड्रमर आर्ट ब्लेकी यांच्या ‘जॅझ मेसेंजर्स’मध्ये गेला आणि १९८२ मध्ये त्याची जागा ब्लँचर्डने घेतली. विंटनला १९८४ च्या समारंभात एकाच वर्षी जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात अशा दोन्ही विभागांत ग्रॅमी मिळाले. १९९७ मध्ये जॅझ रचनेसाठीचे पहिले पुलित्झरही त्यालाच. ब्लँचर्डच्या ऑपेराने २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा हंगाम उघडला. त्या संस्थेच्या इतिहासात कृष्णवर्णीय रचनाकाराचा ऑपेरा रंगमंचावर येण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या पिढीत निकोलस पेटन, ‘ट्रॉम्बोन शॉर्टी’ या नावाने गाजलेला ट्रॉय अँड्र्यूज, जॉन बटिस्ट. विद्यार्थी फक्त वादकच नव्हते. नाट्यविभागात शिकलेला वेंडेल पिअर्स पुढे ‘ट्रीमे’ या मालिकेत ट्रॉम्बोनवादक झाला आणि त्या पात्राला कथेत शाळेच्या बँडचा मास्तर व्हावे लागले.

२००० मध्ये शाळा नदीकाठच्या जुन्या गोदामांच्या परिसरात आली आणि कारभार राज्याकडे गेला. ही जागा अगदी सहज निवडल्यासारखी वाटली तरी इतिहासाने भरलेली आहे. शाळेलगतच्या प्रेस स्ट्रीटवर जून १८९२ मध्ये मिश्रवंशीय होमर प्लेसीला रेल्वेच्या गोऱ्यांच्या डब्यात बसल्याबद्दल अटक झाली. त्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये वंशभेदी ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व कायदेशीर ठरवले. न्यू ऑर्लीन्सच्या सरकारी शाळांत काळी आणि गोरी मुले पुन्हा एकत्र बसू लागली ती १९६० पासून, तीही केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात. ‘नोका’ निघाली त्यानंतर तेरा वर्षांनी. एकाच काँबोत वेगवेगळ्या वस्त्यांतली मुले एकमेकांच्या सुराकडे कान देतात, याला त्या शहरात संगीतापलीकडचा अर्थ आहे.

आक्षेपही आहेत, आणि ते निराधार नाहीत. बॉस्टनचे बर्कली हे संगीत महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झाले, नॉर्थ टेक्सासच्या महाविद्यालयाने १९४७ मध्ये नृत्यवाद्यवृंदाची पदवी सुरू केली, आणि आज अमेरिकेत जॅझचे शिक्षण बव्हंशी संस्थांतच होते. त्यामुळे सगळे सफाईने वाजवतात पण एकसारखे वाजवतात, ही तक्रार जुनी आहे. तिला उत्तर असे की, पूर्वी जी शाळा फिरत्या बँडमध्ये होती, ती बिग बँडचा काळ ओसरल्यावर संपली. तरुणाला वडीलधाऱ्या वादकाच्या शेजारी खुर्ची देणारी जागाच उरली नाही, तर ती वर्गात निर्माण करावी लागते. दुसरा आक्षेप मात्र अधिक जिव्हारी लागतो. ऑडिशन देण्याइतकी तयारी ज्याच्या घरी किंवा शाळेत होऊ शकते, तोच ‘नोका’पर्यंत पोहोचतो. मार्सालिसांच्या घरी पियानो होता आणि वाजवणारा बापही होता. ज्या पोराच्या हाती वाद्यच नाही, त्याचे काय?

ही पोकळी ओळखूनच २००७ मध्ये, कतरिना वादळाने शाळांची धूळधाण केल्यानंतर, रीबर्थ ब्रास बँडचे ड्रमर डेरिक टॅब यांनी ‘रूट्स ऑफ म्युझिक’ ही संस्था सुरू केली. नऊ ते चौदा वयाच्या मुलांना वाद्य, बसची सोय, जेवण आणि शाळेच्या अभ्यासाला मदत, सगळे फुकट. ‘नोका’च्या माजी विद्यार्थ्यांनीही वाटा उचलला आहे. ट्रॉम्बोन शॉर्टीच्या संस्थेत हायस्कूलच्या मुलांना वादनाबरोबर संगीताच्या धंद्यातले करार आणि हिशेबही समजावतात. विंटनच्या पुढाकाराने ‘जॅझ ॲट लिंकन सेंटर’ १९९५-९६ पासून ड्यूक एलिंग्टनच्या रचनांची नोटेशन हायस्कुलांना मोफत पाठवते. त्याआधी ती बाजारात सहजी मिळत नव्हती, म्हणून मुले एलिंग्टन फारसा वाजवत नव्हती.

एलिस मार्सालिस १ एप्रिल २०२० रोजी कोविडने गेले. मृत्युलेखांत त्यांच्या मुलांची नावे ठळक होती, पण त्यांच्या कामाचे माप खानदानात बसत नाही. प्रतिभा त्यांनी निर्माण केली नाही. ती कुणीच करू शकत नाही. सरकारी खर्चाने एका कसलेल्या वादकाला रोज दुपारी वर्गात बसता आले आणि ज्यांच्या पालकांना फी परवडली नसती अशी मुलेही त्याच्यासमोर बसली. न्यू ऑर्लीन्सच्या पाण्यात संगीत असेल किंवा नसेल, शाळेच्या पगारपत्रकात ते नक्की होते. आणि वारशाची काळजी वाहणाऱ्या कुठल्याही शहराने महोत्सवाच्या मंडपाआधी तिथे पाहायला हवे.