भिंती शाबूत, घर दुभंगले!

१९८१ साली ‘रायगड’ हे नाव मिळेपर्यंत आम्हा पनवेलकरांच्या पत्त्यात ‘जिल्हा कुलाबा’ असे. ज्या किल्ल्यावरून हे नाव पडले, तो अलिबागच्या समुद्रात ओहोटीला पायी जाता येईल इतक्या जवळ उभा आहे. शिवछत्रपतींनी १६८० मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले. पुढे तो आंग्रे घराण्याची राजधानी झाला.

या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी गावावरून ते आंग्रे झाले. तुकोजींचे पुत्र कान्होजी यांनी घराण्याला वैभव आणले. छत्रपती शाहू आणि ताराबाई यांच्या कलहात त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले होते. अखेर १७१३ साली बाळाजी विश्वनाथांनी शब्दांनी जे साधले, ते तलवारीला साधले नव्हते. कान्होजी शाहूंचे सरखेल झाले आणि कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे बळकट किल्ले त्यांच्याकडे राहिले.

परकी जहाजांनी दस्तक घेतल्यावाचून या किनाऱ्याने जाऊ नये, हा त्यांचा दंडक. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. पण आपल्या दाराशी जकात मागणाऱ्याला चोर कसे म्हणावे? १७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवरून हात हलवीत परतले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन ते कुलाब्यावर आले, तेव्हाही तीच गत झाली.

१७२९ साली कान्होजी गेले, आणि चार वर्षांत त्यांचे थोरले पुत्र सेखोजीही गेले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत वाद पेटला. मानाजींनी चक्क पोर्तुगीजांची मदत घेतली! १७३५ मध्ये बाजीरावांनी वाटणी करून दिली : दक्षिणेचे किल्ले आणि सरखेली संभाजींकडे, कुलाबा मानाजींकडे. भांडण तात्पुरते मिटले, पण आरमार दुभंगले ते कायमचेच.

संभाजींनंतर आलेल्या तुळाजींचे पेशव्यांशीही पटेना. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला; फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि बंदरातले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. तुळाजींचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. कुलाब्याची शाखा तगली. पण तिथेही गादीचे तंटे सुटले नाहीत, आणि १८४० साली वारस नसल्याचे कारण दाखवून इंग्रजांनी संस्थान खालसा केले.

१९५१ मध्ये भारतीय नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला ‘आंग्रे’ हे नाव दिले, हे योग्यच झाले. परंतु दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन कुलाब्याला जाल, तेव्हा तटाकडे नीट पाहा. चुन्यावाचून रचलेले ते प्रचंड चिरे लाटांचे तडाखे खात अजून एकमेकांना धरून आहेत. घरातल्या माणसांना मात्र ते जमले नाही.