मागची सीट आणि बॉनेटखालचे सीसी

मर्सिडीजची ई-क्लास, बीएमडब्ल्यूची ५ सीरिज आणि ऑडीची ए६ या तीन गाड्या कुठे शेजारी उभ्या दिसल्या तर एक मोजमाप करून पाहा. पुढच्या चाकाची मागची कड आणि पुढच्या दाराची फट यांच्यामध्ये हाताची वीत धरा. पहिल्या दोन गाड्यांत तिथे ऐसपैस जागा सापडते. ऑडीत ती आखडती असते आणि त्या बदल्यात नाक चाकाच्या बरंच पुढे आलेलं असतं. हा फरक डिझायनरच्या पेन्सिलीने ठरवलेला नाही, इंजिन कुठे बसवायचं या निर्णयाने ठरवलेला आहे. ऑडीची मूळ रचना पुढच्या चाकांना ताकद देणारी आहे, म्हणून तिचं इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या बरंच पुढे झुकलेलं असतं. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू मूळच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, त्यामुळे त्यांचं इंजिन मागे, केबिनच्या दिशेने सरकवता येतं. लांब बॉनेट आणि मागे झुकलेली केबिन यांमुळे जो रुबाब दिसतो, त्याचं मूळ इथे आहे.

नवं मॉडेल आलं की चर्चा होते ती ग्रिलची, दिव्यांची आणि आतल्या स्क्रीनची. बाजारात गाडी टिकणार की मागे पडणार हे मात्र बहुतेक वेळा दोन गोष्टी ठरवतात: बॉनेटखाली काय आहे, आणि मागच्या सीटवर पाय किती सुटा पडतो. ही दोन गणितं कशी मांडली जातात ते सावकाश पाहू.

आधी वेळापत्रक. या वर्गातली गाडी साधारण सात वर्षांनी मुळापासून नवी होते. ई-क्लासच्या पिढ्या पाहा: १९९५, २००२, २००९, २०१६, २०२३. ५ सीरिज: १९९५, २००३, २०१०, २०१६, २०२३. दोघी जवळजवळ पावलाला पाऊल लावून चालतात, कारण एकीची पिढी जुनी झाली आणि दुसरी नवी आली की मधली दोन-तीन वर्षं जुनीला जड जातात. ती भरून काढायला मध्यावर फेसलिफ्ट येतं. त्यात बंपर, दिवे, स्क्रीन आणि कधीकधी इंजिन बदलतं, पण दारं आणि छत सहसा तसंच राहतं. पत्र्याचे भाग दाबून काढणारे साचे अतिशय महाग असतात, आणि बंपर प्लास्टिकचे असल्याने त्यांचा साचा बदलणं तुलनेने परवडतं. म्हणून २०१३ मध्ये मर्सिडीजने ई-क्लासच्या फेसलिफ्टमध्ये पत्रासुद्धा बदलला तेव्हा जाणकारांना आश्चर्य वाटलं. १९९५ पासून चालत आलेले चार डोळ्यांसारखे दिवेही तेव्हाच गेले. इतका खर्च कंपनी हौसेने करत नाही. स्पर्धकापुढे गाडी वयस्क दिसू लागली की करते.

वेळापत्रक चुकलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. टेल्कोबरोबरच्या भागीदारीतून १९९५ मध्ये पिंपरीत ई-क्लासची जुळणी सुरू झाली. पण ती होती डब्ल्यू १२४, म्हणजे १९८४ साली जगापुढे आलेली पिढी. त्याच १९९५ मध्ये युरोपात नवी चार डोळ्यांची डब्ल्यू २१० दाखल होत होती. डब्ल्यू १२४ ही मर्सिडीजच्या सर्वांत भक्कम गाड्यांपैकी एक, आणि हे मी मनापासून म्हणतो. तरीही भारतातली विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. गाडी चांगली असणं आणि गाडी वेळेवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता इंजिन. इथे थोडं रेंगाळायला हवं.

मर्सिडीज वर्षानुवर्षं सहा सिलिंडर एका रांगेत बसवत असे. या रचनेत पिस्टनच्या वरखाली जाण्याने निर्माण होणारे धक्के एकमेकांना खोडून काढतात, त्यामुळे इंजिन निसर्गतःच गुळगुळीत चालतं. अडचण एकच, ते लांब असतं. १९९७ मध्ये मर्सिडीजने ही रांग मोडून व्ही-६ आणलं, म्हणजे तीन सिलिंडर एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला. इंजिन आखूड झालं, धडकेत चेपायला पुढे जागा मिळाली, आणि ९० अंशांचा कोन ठेवल्याने व्ही-८ बरोबर सुटे भाग आणि यंत्रसामग्री वाटून घेता आली. पण ९० अंशांत व्ही-६ थरथरतं, म्हणून ते शांत करायला एक वेगळा बॅलन्स शाफ्ट आत घालावा लागला. बीएमडब्ल्यू मात्र १९६८ पासून सहा सिलिंडरांच्या रांगेला धरून राहिली. तिने सेडानसाठी व्ही-६ कधीच केलं नाही.

वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, मर्सिडीज एस-क्लासमधून पुन्हा रांगेतल्या सहा सिलिंडरांकडे आली. एम २५६ हे त्या इंजिनाचं नाव. परत फिरायला तीन कारणं होती, आणि तिन्ही समजून घेण्याजोगी आहेत.

पहिलं कारण धुराचं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंश सेल्सिअसला तापल्याशिवाय नीट काम करत नाही. व्ही रचनेत धूर दोन बाजूंनी बाहेर पडतो, त्यामुळे सगळी व्यवस्था दोनदा करावी लागते. रांगेत एका बाजूने हवा आत जाते आणि दुसऱ्या बाजूने धूर बाहेर येतो. त्या गरम बाजूला टर्बो आणि कन्व्हर्टर इंजिनाला अगदी खेटून बसवता येतात. गाडी सुरू केल्यावर ते लवकर तापतात आणि युरोपचे नियम पाळणं सोपं होतं.

दुसरं कारण लांबीचं. पूर्वी इंजिनाच्या तोंडावर पट्टा फिरायचा आणि त्यावर एसीचा कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप, अल्टरनेटर चालायचे. एम २५६ मध्ये तो पट्टाच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक विजेची मोटर बसवलेली आहे. ती स्टार्टरही आहे आणि जनरेटरही. ती ४८ व्होल्टची वीज तयार करते आणि कॉम्प्रेसर व पंप त्यावर चालतात. पट्ट्याची जागा वाचली, म्हणून लांब इंजिन पुन्हा बॉनेटखाली मावलं. सिग्नलला इंजिन बंद होऊन पुन्हा सुरू होताना आता जो हादरा जवळजवळ जाणवत नाही, तोही याच मोटरमुळे.

तिसरं कारण कारखान्याचं. सहा सिलिंडर इंजिनाच्या २९९९ सीसीला ६ ने भागा आणि चार सिलिंडर इंजिनाच्या १९९९ सीसीला ४ ने भागा. दोन्हीकडे उत्तर सुमारे ५०० सीसी येतं. म्हणजे एका सिलिंडरचं माप ठरवलं की तेच चार लावून एक इंजिन होतं आणि सहा लावून दुसरं. दोन्ही एकाच पद्धतीच्या यंत्रांवर तयार होतात.

हे १९९९ आणि २९९९ चे आकडे सुद्धा योगायोगाचे नाहीत. अनेक देशांत कर सीसीवर बसतो. या गाड्यांची मोठी बाजारपेठ असलेल्या चीनमध्ये दीड ते दोन लिटरच्या इंजिनावर ५ टक्के उपभोग कर आहे, अडीच ते तीन लिटरला १२ टक्के, तीनच्या वर २५ आणि चारच्या वर ४० टक्के. युरोपात कर वेगळे, पण कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांमधून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी मर्यादेबाहेर गेली की दर ग्रॅमला, दर गाडीमागे ९५ युरो दंड. चार सिलिंडरांचं टर्बो इंजिन जगभर पसरलं ते या दोन दट्ट्यांमुळे. बीएमडब्ल्यूने २०११ मध्ये ५२८ आय या गाडीतून सहा सिलिंडरांचं तीन लिटरचं इंजिन काढून दोन लिटरचं टर्बो बसवलं, आणि डिकीवरचा आकडा तोच ठेवला. नव्वदीच्या दशकातली ५२८ आय खरोखर २.८ लिटरची होती. आता त्या आकड्याचा सीसीशी संबंध उरलेला नाही.

सीसीचा आकडा गाडीच्या जिवावर कसा बेततो, हे भारताने २०१५ च्या अखेरीस पाहिलं. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरात २००० सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी घातली. मर्सिडीजच्या तेव्हाच्या चार सिलिंडर डिझेल इंजिनाची क्षमता होती २१४३ सीसी. बीएमडब्ल्यू ५२० डी १९९५ सीसीची आणि ऑडीचं दोन लिटर डिझेल १९६८ सीसीचं. एका पाण्याच्या पेल्याहूनही कमी फरक, पण त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांची दोन लिटर डिझेलं दिल्लीत नोंदवता येत होती आणि मर्सिडीजचं नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्क भरण्याच्या अटीवर बंदी उठली. तोवर देशातल्या सर्वांत श्रीमंत बाजारपेठांपैकी एकीत आठ महिने गेले होते. मर्सिडीजचं पुढचं डिझेल, ओएम ६५४, १९५० सीसीचं होतं. ते दिल्लीच्या आधीच जर्मनीत आखलं गेलं होतं, त्यामुळे श्रेय बंदीला देता येणार नाही. पण या वर्गातली किती विक्री एका आकड्याच्या काठावर उभी असते, ते त्या आठ महिन्यांत उघड दिसलं.

यानंतरची गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्सिडीजने चाकणला तयार केलेली लांब व्हीलबेसची ई-क्लास बाजारात आणली. लांब सेडान ही मुळात चीनची आवड. ऑडीने तिथे २००० च्या सुमारास लांब ए६ आणली, बीएमडब्ल्यूने २००६ मध्ये लांब ५ सीरिज, मर्सिडीजने २०१० मध्ये लांब ई-क्लास. मात्र उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली लांब ई-क्लास पहिल्यांदा झाली ती भारतासाठी. नेहमीच्या गाडीचा व्हीलबेस २९३९ मिलिमीटर, हिचा ३०७९. वाढलेले १४० मिलिमीटर पूर्णपणे मागच्या दारात आणि मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यापुढे गेले.

आपल्याकडे ही गाडी घेणारा उद्योजक किंवा डॉक्टर बहुधा मागे बसतो आणि ड्रायव्हर पुढे. सकाळी चाकण किंवा भोसरीहून निघून मुंबईत बैठक, आणि संध्याकाळी घाट चढून परत. या माणसाला शंभरचा वेग किती सेकंदांत गाठला यात फारसा रस नसतो. त्याला लॅपटॉप उघडायला जागा हवी, पाठ टेकवून डुलकी काढता यायला हवी, आणि ड्रायव्हरची सीट मागे सरकली तरी गुडघा आपटायला नको. त्याच वर्षी आलेली नवी ५ सीरिज चालवायला अधिक चपळ होती आणि तिचं कौतुकही झालं, पण ती नेहमीच्याच लांबीची होती. लांब ई-क्लास देशात सर्वाधिक खपणाऱ्या आलिशान गाड्यांमध्ये जाऊन बसली. शेवटी जुलै २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूनेही भारतात लांब ५ सीरिज आणली, ३१०५ मिलिमीटर व्हीलबेसची. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी ई-क्लास ३०९४ मिलिमीटरची आली. जी गोष्ट एकीने सात वर्षं एकटीने विकली, ती आता दोघींत आहे.

मग फरक कुठे उरला? पुन्हा इंजिनात. लांब ५ सीरिज, म्हणजे ५३० एलआय, आली तेव्हा फक्त दोन लिटर पेट्रोलमध्ये आली, ७२.९ लाखांना. ई-क्लासने तीन पर्याय ठेवले: दोन लिटर पेट्रोल ७८.५ लाख, दोन लिटर डिझेल ८१.५ लाख आणि सहा सिलिंडर पेट्रोल ९२.५ लाख, सगळ्या किमती एक्स-शोरूम. ऑडीने बीएस-६ उत्सर्जन नियमांच्या वेळी भारतात डिझेल सोडलं. नियमांना जुळवून घेण्याचा खर्च वाचला, पण वर्षाला मोठा प्रवास करणारं गिऱ्हाईक दुसऱ्या दाराला गेलं. आलिशान गाडी घेणारा माणूस इंधनाकडे बघत नाही, हा समज मला चुकीचा वाटतो. महामार्गावर डिझेलची टाकी जितकी लांब पुरते, तितके थांबे कमी होतात, आणि वेळेची किंमत त्याला इतरांपेक्षा जास्त कळते.

इंजिन नुसत्या कागदावर निवडलं की काय होतं, तेही सांगायला हवं. मर्सिडीजची सी ६३ ही व्ही-८ च्या गडगडाटासाठी प्रसिद्ध. सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्यात दोन लिटरचं चार सिलिंडर टर्बो आणि मागे विजेची मोटर आली. ताकद ६८० अश्वशक्ती, म्हणजे आधीपेक्षा कितीतरी जास्त. पण वजन तीनशेहून अधिक किलोंनी वाढलं आणि तो आवाज गेला. जुन्या चाहत्यांनी ती मनाने स्वीकारली नाही. उत्सर्जनाच्या तक्त्यात ती उत्तीर्ण होती. ज्यासाठी लोक ती घेत होते, ती गोष्टच तिच्यात उरली नव्हती.

आता भारतातलं करांचं चित्रही हललं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. आधी सेस धरून मोठ्या सेडानवर ४८ टक्के लागत. मर्यादा पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसी आणि चार मीटर लांबीची असल्याने दोन लिटर आणि तीन लिटर दोन्हींना हाच दर. विजेच्या गाडीला मात्र ५ टक्के. हे ३५ टक्क्यांचं अंतर राहील तोवर नव्या पिढीच्या सेडानला शेजारच्या सेडानपेक्षा त्याच शोरूममधल्या विजेच्या गाडीशी जास्त झगडावं लागेल, असं माझं मत आहे.

तुम्ही या वर्गातली गाडी पाहायला गेलात तर आधी पुढची सीट तुमच्या ड्रायव्हरच्या मापाने मागे सरकवायला सांगा, मग मागे बसा आणि पंधरा मिनिटं उठू नका. त्यानंतर डिकीवरचा आकडा सोडून कागदावरचे सीसी, सिलिंडर आणि इंधन वाचा. टेस्ट ड्राइव्हची पाळी त्यानंतर.