वेशीबाहेरचा क्रूस आणि रिकामी कबर : जालना परिसराच्या संदर्भात ईस्टरचा अर्थ

प्रस्तावना

क्रूस हे ख्रिस्ती धर्माचे सर्वांत परिचित चिन्ह होय. चर्चच्या शिखरावर, वेदीवर, कबरीवर, गळ्यातील साखळीत तो सर्वत्र आढळतो. या परिचयामुळेच त्याचे मूळ स्वरूप सहसा विस्मरणात जाते. क्रूस हे देहदंडाचे साधन होते. अशा साधनाकडे कोट्यवधी भाविक तारणाचे चिन्ह म्हणून पाहतात, यामागील कारण ईस्टरच्या म्हणजेच पुनरुत्थानाच्या सणात सापडते. प्रस्तुत लेखात क्रुसाचा इतिहास, उत्तम शुक्रवार व ईस्टर यांतील संबंध, क्रुसाविषयीचे प्रमुख ईश्वरशास्त्रीय विचार आणि जालना परिसरातील ख्रिस्ती समाजाच्या घडणीत या चिन्हाला लाभलेला विशेष अर्थ यांचा परामर्श घेतला आहे.

वधस्तंभ आणि क्रूस

मराठी ख्रिस्ती परिभाषेत या चिन्हासाठी दोन शब्द रूढ आहेत. ‘क्रूस’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘क्रुक्स’ या मूळ शब्दाशी नाते सांगणारा असून तो पाश्चात्त्य भाषांतून मराठीत आला. ‘वधस्तंभ’ हा संस्कृत घडणीचा शब्द प्रॉटेस्टंट बायबल भाषांतरांतून रुळला. पहिला शब्द आज प्रामुख्याने पूजाचिन्हाचा बोध करून देतो. दुसऱ्या शब्दात मात्र त्या वस्तूचे मूळ प्रयोजन स्पष्टपणे टिकून आहे : ज्यावर वध केला जातो तो खांब.

रोमन साम्राज्यात ही शिक्षा मुख्यतः गुलाम, बंडखोर आणि परकीय प्रजाजन यांना दिली जात असे. रोमन नागरिकांना सामान्यतः तिच्यापासून संरक्षण होते. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील गुलामांचे बंड मोडल्यानंतर सुमारे ६,००० बंडखोरांना आप्पियन मार्गाच्या दुतर्फा क्रुसावर खिळण्यात आले. शिक्षा भर रस्त्यावर देण्यामागे जरब बसविणे हा हेतू होता. शरीराच्या वेदनेइतकीच सार्वजनिक विटंबना हाही या शिक्षेचा भाग होता. यहुदी धर्मशास्त्रातही झाडावर टांगलेल्या मनुष्यास देवाने शापिलेला मानले होते. म्हणजे राज्यकर्त्यांच्या दृष्टीने गुन्हेगार आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने शापित, असा दुहेरी कलंक क्रुसावर मरणाऱ्यास लागत असे.

म्हणूनच आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने आपल्या चित्रांत मासा, नांगर आणि मेंढपाळ ही चिन्हे अधिक वापरली. रोममधील पॅलाटाइन टेकडीवर सापडलेल्या, साधारणतः इ. स. २०० च्या सुमाराच्या एका भिंतीवरील रेखाटनात क्रुसावर गाढवाच्या मस्तकाचा मनुष्य दाखवून ख्रिस्ती उपासकाची टिंगल केलेली आढळते. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळापासून क्रूस उघडपणे सन्मानचिन्ह बनला. जे चिन्ह सत्तेच्या दहशतीचे होते ते पुढे सत्तेच्याच ध्वजावर आले. या बदलाने क्रुसाला प्रतिष्ठा मिळाली; त्याचबरोबर त्यातील लाजिरवाणेपणाची जाणीव बोथट झाली.

उत्तम शुक्रवार ते ईस्टर

वसंतसंपाताची तारीख म्हणून मानलेल्या २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढील पहिल्या रविवारी ईस्टर साजरा होतो. त्यामुळे पाश्चात्त्य परंपरेत तो २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात येतो. त्यापूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, शेवटच्या भोजनाच्या स्मरणाचा गुरुवार आणि उत्तम शुक्रवार असा क्रम असतो. उत्तम शुक्रवारी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर मनन करण्याची प्रथा आहे, तर कॅथलिक भाविक चौदा स्थानांची ‘क्रुसाची वाट’ चालतात. शनिवार हा मौनाचा दिवस. रविवारी पहाटे स्त्रिया कबरीकडे जातात आणि ती त्यांना रिकामी आढळते, ही शुभवर्तमानातील घटना सणाचा गाभा आहे.

शुक्रवार आणि रविवार यांचा परस्परसंबंध दोन प्रकारे समजला जातो. एका प्रकारात शुक्रवार ही दुर्घटना आणि रविवार हे तिचे निवारण ठरते. मग क्रूस मागे पडतो व आनंद तेवढा उरतो. दुसरा अर्थ नव्या कराराच्या अधिक जवळ जाणारा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू शिष्यांना ओळख पटवितो ती आपल्या हातांच्या व कुशीच्या जखमांवरून. संशय घेणाऱ्या थोमालाही तो त्याच जखमांकडे बोट करावयास सांगतो. पुनरुत्थानाने त्या जखमा पुसल्या नाहीत. जो उठला तो तोच आहे ज्याला खिळले होते, हे ईस्टरचे विधान आहे. राज्यसत्ता आणि धर्मसत्ता या दोहोंनी ज्याला अपराधी ठरविले त्याच्या बाजूने देवाने दिलेला निर्णय म्हणजे पुनरुत्थान होय. क्रुसावरील शिक्षा त्या निर्णयाने चुकीची ठरते.

क्रुसाविषयीचे ईश्वरशास्त्रीय विचार

क्रुसावरील मरणाने तारण कसे साधते, याविषयी ख्रिस्ती परंपरेत एकच सिद्धांत नाही. प्राचीन मंडळीत येशूचे मरण हे दास्यातून सोडविण्यासाठी दिलेले मोल आणि मरणावर मिळविलेला विजय अशा रूपकांनी समजाविले जाई. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अँसेल्मने वेगळी मांडणी केली : पापामुळे ईश्वराच्या सन्मानाचा भंग झाला असून त्याची भरपाई देव-मानव असलेला ख्रिस्तच करू शकतो. बाराव्या शतकात पीटर अबेलार्ड याने क्रुसावर प्रकट झालेली प्रीती माणसाच्या अंतःकरणात परिवर्तन घडविते, या बाजूवर भर दिला. मार्टिन ल्यूथरने १५१८ मधील हायडेलबर्ग येथील वादप्रबंधांत देवाची ओळख वैभवात न शोधता दुःखात व क्रुसात शोधावी, असा विचार मांडला. विसाव्या शतकात युर्गेन मोल्टमन या जर्मन ईश्वरशास्त्रज्ञाने १९७२ मधील आपल्या ग्रंथात, क्रुसावरील परित्यक्ततेत देव स्वतः सहभागी आहे, हे सूत्र विस्ताराने प्रतिपादिले.

मराठीत हा विचार भक्तिपरंपरेच्या भाषेतून आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात येशूचे चरित्र ओवीबद्ध झाले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंगाच्या छंदात ख्रिस्तभक्ती गायिली. त्यामुळे मराठी भाविकाला क्रूस हा अपराध-भरपाईच्या हिशेबापेक्षा आत्मार्पणाच्या रूपात अधिक जवळचा वाटला. परंतु मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाच्या अनुभवात क्रुसाला आणखी एक परिमाण आहे. त्याचा संबंध ‘वेस’ या शब्दाशी आहे.

जालना : वेशीच्या आत आणि बाहेर

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात येशूने नगराच्या वेशीबाहेर दुःख भोगले, म्हणून अनुयायांनीही त्याची निंदा स्वीकारून बाहेर त्याच्याकडे जावे, असा आशय आहे. ‘वेशीबाहेर’ हा शब्द मराठी वाचकाला केवळ दिशा दाखवीत नाही. वेशीच्या आत गाव आणि बाहेर मांगवाडा व महारवाडा, ही येथील ग्रामरचना शतकानुशतके होती. यामुळे या वचनाचा अर्थ ऐकणाऱ्याच्या गावातील जागेप्रमाणे बदलतो.

जालना येथील ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात हा भेद स्पष्ट दिसतो. या मंडळीचे प्रवर्तक रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबातील होते. १८४३ मध्ये मुंबई येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे धाकटे बंधू श्रीपत यांनाही मिशनऱ्यांकडून परत आणावे लागले आणि त्यांना प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. त्या वादात श्रीपतच्या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, ही घटना महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात सुपरिचित आहे. शेषाद्री पुढे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे दीक्षित पाळक झाले आणि त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते व तेथे लष्करी छावणी होती.

शेषाद्रींच्या कार्यातून ख्रिस्ती झालेले लोक प्रामुख्याने मांग व महार समाजांतील होते. या लोकांसाठी त्यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत उभारली. त्यासाठीची जमीन पहिले सर सालारजंग हैदराबाद संस्थानचे दिवाण असताना मिळाली. ‘बेथेल’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘देवाचे घर’ असा आहे. ज्यांची वस्ती पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या गावाबाहेर होती, त्यांना येथे स्वतःचे गाव मिळाले, हा या उपक्रमाचा सामाजिक आशय म्हणता येईल.

या ठिकाणी क्रुसाकडे येणारे दोन मार्ग एकत्र येतात. नारायण शेषाद्रींना क्रुसाकडे येण्यासाठी घर, जात व प्रतिष्ठा सोडून वेशीबाहेर पडावे लागले. त्यांच्या दृष्टीने क्रूस म्हणजे त्याग होता. मांग-महार भाविकांना कोठे जावयाचे नव्हते. ते बाहेरच होते. त्यांच्या दृष्टीने क्रूस म्हणजे आपल्या जागी येऊन उभा राहिलेला देव. एकाच वचनातून एकाला आज्ञा मिळते, दुसऱ्याला सोबत मिळते. ईस्टरच्या संदर्भात या दुसऱ्या अर्थाला विशेष बळ प्राप्त होते, कारण वेशीबाहेर मारल्या गेलेल्यालाच देवाने उठविले.

एक मूलभूत आक्षेप

क्रुसाच्या शिकवणीने पीडितांना निमूटपणे सोसावयास शिकविले, हा आक्षेप गांभीर्याने घेणे आवश्यक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीविषयी केलेले विवेचन त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात १९८९ मध्ये प्रकाशित झाले. धर्मांतरिताच्या अवनतीचे कारण अन्याय्य समाजव्यवस्थेत दाखविण्याऐवजी त्याच्या पापात दाखविले गेले, त्यामुळे ती व्यवस्था बदलण्याची प्रेरणा त्याला मिळाली नाही, अशा आशयाची टीका त्यांनी केली. ख्रिस्ती समाजातही जातिभेद टिकून राहिला, हे वास्तवही नाकारता येत नाही. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील अनुसूचित जातींचा दर्जा १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांना लागू झाला, तरी ख्रिस्ती धर्मांतरितांचा त्यात समावेश झाला नाही. त्यामुळे बाप्तिस्म्यानंतरही जातीचे ओझे राहिले आणि संरक्षण मात्र गेले, असा अनुभव अनेक कुटुंबांच्या वाट्याला आला.

हा आक्षेप उत्तम शुक्रवारालाच थांबणाऱ्या धर्मशिक्षणाला पूर्णपणे लागू पडतो. क्रुसाकडे केवळ वैयक्तिक पापाची भरपाई म्हणून पाहिले, तर खिळे मारणाऱ्या हातांविषयीचा प्रश्न बाजूला राहतो. या उणिवेवर ख्रिस्ती विचारविश्वातूनही टीका झाली. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे ईश्वरशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूर येथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये दिलेल्या व्याख्यानातून पुढे दलित ईश्वरशास्त्र म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रवाहाची पायाभरणी झाली. क्रुसावरील येशू हा पूर्ण अर्थाने दलित, म्हणजे तुडविला गेलेला व भंगलेला आहे, अशी त्यांची मांडणी होती. येशूच्या दलितत्वातूनच दलित ख्रिस्ती मनुष्याची देवाशी ओळख होते, असे या विचाराचे सार सांगता येईल.

समारोप

वरील विवेचनावरून क्रूस व ईस्टर यांना वेगळे केल्यास दोहोंचा अर्थ विकृत होतो, हे स्पष्ट होते. पुनरुत्थानावाचून क्रूस हा सोसण्याचा उपदेश ठरतो आणि क्रुसावाचून ईस्टर हा इतिहासातील जखमा विसरायला लावणारा उत्सव ठरतो. जालना परिसरातील ख्रिस्ती परंपरेने हा संबंध आपल्या भूमीच्या भाषेत समजून घेण्याची वाट दाखविली आहे. १४ एप्रिल २०१७ रोजी उत्तम शुक्रवार आणि डॉ. आंबेडकर जयंती एकाच दिवशी आली होती. हा पंचांगातील योगायोग असला तरी त्यातून उपस्थित होणारा प्रश्न योगायोगाचा नाही. वेशीबाहेर मारल्या गेलेल्या ख्रिस्ताला देवाने न्याय दिला, असे जी मंडळी दर ईस्टरला कबूल करते, तिच्या स्वतःच्या बाकांवर, दफनभूमीत आणि सोयरिकीत वेस शिल्लक आहे काय, हा तो प्रश्न होय. क्रुसाचा अर्थ वेदीवरून सांगितला जातो. त्याची परीक्षा मात्र या ठिकाणी होते.